मागच्या आसनाचा गारवा

मोटारीतल्या थंड हवेच्या इतिहासावर यंदा बोलण्याचे आम्ही कबूल केले, तेव्हा व्यवस्थापक मंडळींपैकी एका गृहस्थांनी मोठ्या सौजन्याने विचारले, "हा विषय इतिहासाचा, की दुरुस्तीचा?" प्रश्न रास्त होता. या व्यासपीठावरून पेशवाईवर बोलले जाते, ज्ञानेश्वरीवर बोलले जाते, अंदाजपत्रकावरही बोलले जाते. कूलिंग कॉइल आणि कॉम्प्रेसर यांना येथे सहसा कोणी बोलावीत नाही. परंतु आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गॅरेजात, डेपोत व युनियनच्या कचेरीत फार, असे झालेले असल्यामुळे इतिहास आणि दुरुस्ती ही दोन खाती आम्हांला कधी वेगळी ठेवता आली नाहीत. यंत्र उघडून बसले, की ते कोणासाठी बनविले आणि बनविताना कोणाचा विचार झाला नाही, हे त्याच्या नळ्यांच्या वाटेवरून कळते.

गेल्या उन्हाळ्यात अशीच एक नळी आमच्यापुढे आली. आमच्या संघटनेचे एक जुने सभासद आता कर्ज काढून स्वतःची सतरा आसनी गाडी चालवितात. लग्नाची वऱ्हाडे, अष्टविनायक, विमानतळ अशी भाडी करतात. त्यांच्या गाडीचा मागचा ए.सी. बसला. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून ते आमच्याकडे आले, आणि आम्ही दोघे व त्यांचा आयटीआय झालेला मुलगा असे तिघे घरासमोरच्या अंगणात तीन रविवार खपलो. पहिल्याच रविवारी गाडीखाली आडवे झालो तेव्हा दिसले ते असे : इंजिनाजवळच्या कॉम्प्रेसरपासून निघालेली नळी चालकाच्या आसनाच्या बरोबर खालून जाते, पुढे सगळ्या गाडीची लांबी पार करते, मागे छताला चढते आणि तेथून थंड हवा प्रत्येक प्रवाशाच्या डोक्यावर सोडते. चालक आणि प्रवासी यांच्यामध्ये काचेची भिंत. चालकाच्या बाजूला एकही झडप नाही. नळी त्याच्या बुडाखालून जाते. हवा मात्र त्याला नाही.

"हे असे का?" असे आम्ही विचारले. मालक-चालक हसून म्हणाले, "भाऊ, ड्रायव्हरला खिडकी असते की!"

या उत्तराला इतिहास आहे, आणि तो मोटारीहून जुना आहे. साहेबाच्या बंगल्यात पंखा छताला टांगलेला असे आणि त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात निघे. दोरी ओढणारा बाहेर, वारा आत. खसाच्या ताट्यांवर पाणी मारणारा माणूसही ताटीच्या उन्हाकडल्या अंगाला उभा. १९२८ साली मुंबईहून पेशावरला जाणारी फ्राँटियर मेल सुरू झाली आणि १९३४ साली तिला थंड हवेचा डबा जोडला गेला, तेव्हाही व्यवस्था याच जातीची होती. डब्याच्या तळाशी बंदिस्त पेट्यांत बर्फाच्या लाद्या ठेवीत, विजेच्या पंख्याने त्यांवरून हवा खेळवीत आणि वाटेतल्या स्थानकांवर वितळलेल्या लाद्यांच्या जागी नव्या भरीत. डब्यातल्या उतारूला राजपुतान्याचा उन्हाळा कळत नसे. लाद्या वाहणाऱ्या हमालाला आणि इंजिनावर कोळसा ओढणाऱ्या फायरमनला तो नीट कळत असे.

मोटार आली तीही घोडागाडीची सून म्हणून आली. श्रीमंतांच्या 'टाउन कार' म्हणविल्या जाणाऱ्या गाड्यांत मागे मालकासाठी काचा, पडदे आणि मऊ गाद्यांची बंद खोली असे; पुढे चालकाचे आसन उघड्यावर, कोचमन बसे तसेच. हवा थंड करण्याचे यंत्र मोटारीत कधी ना कधी येणार, ते प्रथम मागेच येणार, हे त्या गाडीच्या ठेवणीतच लिहिलेले होते असे आम्हांला वाटते.

पण ते यंत्र येण्याआधी त्यात फिरवायचा गॅस यावा लागला. तत्त्व सोपे आहे. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. माठातले पाणी याच न्यायाने गार होते. बंद नळ्यांत असा द्रव एका ठिकाणी उकळवायचा, त्याची वाफ कॉम्प्रेसरने दाबून दुसऱ्या ठिकाणी न्यायची, तेथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव करायचा आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून परत उकळायला सोडायचा, एवढाच खेळ. अडचण द्रवाची होती. त्या काळी अमोनिया, सल्फर डाय-ऑक्साइड किंवा मेथिल क्लोराइड वापरीत. पहिली दोन नाकातोंडात गेली तर जीव घाबरा होतो. तिसरे विषारी आणि पेट घेणारे. अशा पदार्थाची टाकी कोणी मोटारीत माणसांच्या मांडीला मांडी लावून बसवीना.

१९२८ साली जनरल मोटर्सच्या आश्रयाने टॉमस मिज्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या कामासाठी क्लोरीन, फ्लोरीन आणि कार्बन यांची संयुगे शोधून काढली. पुढे त्यांना 'फ्रेऑन' हे नाव मिळाले, आणि त्यांतले जे मोटारीत गेले ते आपल्या गॅरेजांत 'आर-१२' म्हणून ओळखले गेले. ते उणे ३० अंशांच्या आसपास उकळते, पेटत नाही, विषारी नाही. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिज्लीने ती वाफ छातीत भरून घेतली आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखविली. निर्विष आणि न पेटणारे, दोन्ही एकाच फुंकरीत सिद्ध.

हाच मिज्ली पेट्रोलमध्ये शिसे घालण्याच्या युक्तीचा जनक. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील बेवे येथील तेलशुद्धी कारखान्यात त्या शिशाच्या रसायनाने पाच कामगार वेडाच्या झटक्यांनी मेले आणि कित्येक आजारी पडले. त्या शिशाने आधी कामगारांना मारले, आणि रस्त्यावरच्या लोकांच्या अंगात ते भिनत गेले हे मागाहून कबूल झाले. आमच्या धंद्यात हा क्रम फार वेळा पाहावा लागतो. मिज्लीचे स्वतःचे काय झाले? पोलिओने पाय गेले. बिछान्यातून उठता यावे म्हणून त्याने दोऱ्या-कप्प्यांचे साधन केले, आणि १९४४ साली त्याच दोऱ्यांत अडकून तो मेला. यावर वक्ते टाळ्या घेतात. आम्हांला बेवेच्या पाच जणांची आठवण अधिक धरवत नाही.

मोटारीत कारखान्यातूनच थंड हवा बसवून देण्याचा मान अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीकडे जातो. १९३९ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या मोटार प्रदर्शनात तिने १९४० सालच्या गाड्यांसाठी ही सोय जाहीर केली. किंमत २७४ डॉलर. कॉम्प्रेसर पुढे इंजिनाला पट्ट्याने जोडलेला, आणि थंड करणारी कॉइल व पंखा मागच्या आसनाच्या पाठीमागे. सामान ठेवण्याच्या जागेतला मोठा वाटा त्यानेच व्यापला. हवा मागच्या आसनाच्या पाठीवरून येई. म्हणजे जगातला पहिला कारखानी मोटार-ए.सी. हा मागचाच ए.सी. होता. तापमान राखण्याची सोय नव्हती. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता; त्यामुळे इंजिन चालू तोवर कॉम्प्रेसर चालू. थंडी फार झाली, किंवा हिवाळा आला, तर गाडी थांबवून, इंजिन बंद करून, बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवावा लागे. हे काम कोण करीत असेल, हे सांगायला नकोच. अशा सुमारे दोन हजार गाड्या निघाल्या आणि १९४१ नंतर हे प्रकरण आवरले. त्याच साली कॅडिलॅकनेही शेकड्यांत मोजाव्या एवढ्या गाड्या तशा काढल्या. मग महायुद्ध आले.

त्याच सुमारास त्याच देशात दुसरे एक काम झाले, त्याकडे मोटारींचे इतिहासकार फारसे पाहत नाहीत. फ्रेडरिक जोन्स नावाचा एक काळा कारागीर मिनेसोटात होता. जन्म १८९३ चा, लहानपणीच पोरका, शाळा अर्ध्यात सुटलेली, जे शिकला ते यंत्रे उघडून आणि रात्री पुस्तके वाचून. १९३८ च्या सुमारास त्याने मालट्रकसाठी शीतयंत्र केले. पहिले यंत्र त्याने ट्रेलरच्या पोटाखाली बसविले. तेथे चिखल उडून आणि हादरे बसून ते टिकेना. मग ते मालडब्याच्या पुढच्या भिंतीवर उंच बसविले, आणि ते इतके यशस्वी झाले की मांस, भाजी, दूध आणि युद्धकाळात औषधे व रक्तसुद्धा त्यातून हिंडू लागले. १९६१ साली जोन्स वारला. अमेरिकन सरकारने त्याला तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय पदक दिले ते १९९१ साली, मरणानंतर तीस वर्षांनी. त्याच्या यंत्राची जागा मात्र नीट पाहा. मालडब्याची पुढची भिंत म्हणजे चालकाच्या डोक्याची मागची बाजू. यंत्र डब्यातली उष्णता काढून बाहेर, चालकाच्या टपावर टाकते. मागे कोबी गार, पुढे माणूस शिजतो आहे. जोन्सचा यात दोष नाही. त्याला मालाची नासाडी थांबवायला सांगितले होते आणि ती त्याने थांबविली. माणसाची नासाडी थांबविण्याची ऑर्डर त्याला कोणी दिलीच नव्हती.

युद्धानंतर, १९५३ साली क्रायस्लर आणि जनरल मोटर्स या दोघांनीही थंड हवा पुन्हा आणली, आणि तीही पाठीमागूनच. कॅडिलॅकमध्ये कॉइल सामानाच्या जागेत असे; मागच्या काचेजवळून पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळ्या वर जात आणि छतातल्या वाटेने हवा खेळे. गॅसच्या नळ्या पुढच्या इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत. जितकी लांब नळी तितके सांधे जास्त, आणि जितके सांधे तितकी गळती. हा मागच्या ए.सी.चा जन्मदोष तेव्हाचा आहे आणि आमच्या अंगणातल्या गाडीपर्यंत चालत आला आहे.

१९५४ साली मात्र पारडे फिरले. नॅश ही मोटार कंपनी १९३७ सालीच केल्व्हिनेटर या फ्रीज बनविणाऱ्या कंपनीशी जोडली गेली होती. तिने १९५४ च्या अँबेसेडर गाडीत (आपली कलकत्त्याची अँबेसेडर ती ही नव्हे) गरम आणि गार हवेची सगळी यंत्रणा बॉनेटखाली आणि पुढच्या फळीत बसवून दाखविली. किंमत ३४५ डॉलर, कॉम्प्रेसरला विजेचा क्लच, आणि झडपा चालकाच्या तोंडासमोर. अभियंते सांगतील की हे केवळ जागेचे आणि नळ्यांच्या लांबीचे गणित होते. ते होतेच. पण आम्ही आणखी एक गोष्ट जोडतो. तोवर अमेरिकेत मालक मागच्या आसनावरून उठून पुढच्या आसनावर येऊन बसला होता. पगारी चालक ठेवणे थोड्यांनाच परवडे. सुताराला, शिक्षकाला, कारखान्यातल्या फिटरला स्वतःची मोटार मिळाली होती आणि ती तो स्वतः हाकीत होता. मालक पुढे आला, गारवा त्याच्या पाठोपाठ पुढे आला. १९६९ पर्यंत तिकडे निम्म्याहून अधिक नव्या गाड्यांत ही सोय होती. मागचा ए.सी. उरला तो लांब गाड्यांत, व्हॅनमध्ये, जेथे पुढची हवा मागपर्यंत पोचत नाही तेथे दुसरी कॉइल म्हणून.

आपल्याकडे मालक मागेच बसून राहिला. म्हणून येथे मोठ्या गाडीच्या जाहिरातीत 'मागे वेगळा ए.सी.' ही मोठी गोष्ट ठरली.

आता गॅसकडे वळू. कारण घरी दुरुस्ती करणाऱ्याचा खरा इतिहास गॅसचाच आहे. अमेरिकेत आर-१२ चे लहान डबे किराणा मालासारखे दुकानात मिळत आणि लोक रविवारी अंगणात गाडीत गॅस भरीत. गळती आहे की नाही हे पाहायला ज्योतीचा दिवा वापरीत : गळणारा गॅस ज्योतीत ओढला गेला की ज्योत हिरवी होते. युक्ती छान, पण ज्योतीतून जाताना त्याच निर्विष गॅसची विषारी वाफ होते, आणि ती वाकून पाहणाऱ्या मिस्त्रीच्या नाकात जाते. आपल्याकडच्या मिस्त्रींनीही वर्षानुवर्षे ती घेतली. गळती सापडली नाही तर ती न शोधता नवा गॅस भरायचा, ही पद्धत दोन्ही देशांत सारखीच. गॅस जाऊन जाऊन जाणार कोठे, असे सगळ्यांना वाटे.

तो कोठे जातो हे १९७४ साली मोलिना आणि रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी सांगितले. हा गॅस कशाशी संयोग पावत नाही म्हणून निर्विष. आणि कशाशी संयोग पावत नाही म्हणूनच तो वाटेत कोठे न संपता आकाशात वर वर चढत राहतो. तेथे सूर्याच्या प्रखर किरणांनी त्यातला क्लोरीन सुटतो आणि ओझोनचा थर खाऊ लागतो. मिज्लीने मेणबत्ती विझवून दाखविलेला गुण तोच त्याचा अवगुण ठरला. १९८५ साली दक्षिण ध्रुवावरच्या ओझोनला पडलेले भगदाड ब्रिटिश संशोधकांनी जाहीर केले, १९८७ साली माँट्रियलचा करार झाला, १९९२ साली भारत त्यात सामील झाला, आणि १ ऑगस्ट २००८ पासून आपल्या देशाने या जातीच्या गॅसचे उत्पादन थांबविले. मोटारींत त्याच्या जागी 'आर-१३४ ए' आला. तो ओझोन खात नाही. मात्र वजनास वजन कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे १४०० पट तापमान वाढवितो. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीत तोही कमी करायचा ठरला आणि २०२१ साली भारताने तिला मान्यता दिली. आपल्याकडची कपात २०३२ पासून सुरू व्हायची आहे. युरोपात नव्या मोटारींतून तो २०१७ पासून बंद झाला. तेथे आलेला नवा गॅस थोडा पेटणारा आहे. चाक फिरून पुन्हा जुन्या जागेजवळ आले म्हणायचे.

कायदे परिषदेत बदलतात. सांधे मात्र मिस्त्रीला बदलावे लागतात. आर-१२ बरोबर चालणारे खनिज तेल आर-१३४ ए मध्ये मिसळत नाही, त्यामुळे तेल कॉम्प्रेसरला परत पोचत नाही आणि तो कोरडा घासून जातो. जुन्या रबरी नळ्यांतून नवा गॅस झिरपतो. पूर्वी ड्रायरवरच्या काचेतून बुडबुडे पाहून गॅस पुरा भरला का ते ठरवीत. नव्या गॅसला ती काच फसवी आहे, तो वजन करूनच भरावा लागतो. हे सगळे आमच्या मिस्त्रींना कोणी वर्गात बसवून शिकविले नाही. कॉम्प्रेसर जळत गेले, गिऱ्हाइके भांडत गेली, तसतसे ते शिकले.

२०११ साली काय झाले ते तर प्रत्येक गॅरेजात लिहून लावावे असे आहे. जहाजावरून जाणाऱ्या काही शीतपेट्यांत आर-१३४ ए म्हणून भेसळीचा गॅस भरला गेला होता. त्यात स्वस्त मेथिल क्लोराइड होते. तेच, जे पूर्वी सोडून दिले होते. अॅल्युमिनियमशी त्याचा संयोग होऊन जे तयार होते ते हवा लागताच पेटते. व्हिएतनाम आणि ब्राझील येथे पेट्यांचे स्फोट होऊन तीन कामगार ठार झाले. पेटीतल्या मालाचा विमा होता.

आम्ही अंगणात काम केले ते या आठवणी डोक्यात ठेवून. गॅस आधीच गेलेला होता. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन सोडून गळती पाहू, असे शेजारच्या एकाने सुचविले. त्याला आम्ही हात जोडले. नळीत तेल असते, आणि दाबाखालचा ऑक्सिजन व तेल एकत्र आले तर नळी राहत नाही आणि पाहणाराही राहत नाही. नायट्रोजनची टाकी भाड्याने आणली, दहा किलोचा दाब दिला आणि साबणाचा फेस लावीत गेलो. बुडबुडे आले ते नेमके चालकाच्या आसनाखाली. नळी जेथे पट्टीने चासिसला धरली होती तेथले रबर झिजून गेले होते आणि अॅल्युमिनियमची नळी लोखंडावर वर्षानुवर्षे घासत पातळ झाली होती. तेवढा तुकडा बदलला, उघडलेल्या प्रत्येक सांध्याला नवी ओ-रिंग तेल लावून बसविली, ड्रायर बदलला. मागची कॉइल खाली उतरविली तर तिच्यावर धूळ, केस आणि अक्षता यांचा नमदा बसला होता. वऱ्हाडाच्या गाडीत दुसरे काय निघणार? पाणी जाण्याची नळी तुंबली होती, म्हणून शेवटच्या बाकावर थेंब पडत आणि प्रवासी त्याला 'गॅस गळतो' म्हणत. ब्लोअरचे कार्बन झिजले होते, ते घातले. कंडेन्सरला दुसरा पंखा जोडला. गाडी घाटात रखडली की वारा लागत नाही आणि गारवा बसतो, तो यामुळे टिकतो. मग व्हॅक्यूम पंपाने तासभर हवा ओढली, पंप बंद करून अर्धा तास काट्याकडे पाहत बसलो. काटा हलला नाही. गॅस मात्र यंत्र आणि वजनकाटा असलेल्या दुकानात नेऊन भरला; घरच्या कामाची हद्द तेथे संपते, असे आमचे मत आहे.

त्या अर्ध्या तासात आमच्या मनात जे आले ते येथे सांगणे भाग आहे. इतकी वर्षे आम्ही मोटार कामगारांची मागणीपत्रे लिहिली. त्यांत महागाई भत्ता होता, गणवेश होता, विश्रांतिगृह होते, रात्रपाळीचा भत्ता होता. केबिनमध्ये इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाला किती उष्णता लागते, हे कलम आमच्या एकाही कागदात नव्हते. १९४८ च्या कारखाना कायद्याने कारखान्यातल्या हवेबद्दल आणि तापमानाबद्दल कलम घातले होते; १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात कँटीन होते, विश्रांतीची खोली होती, आठ तासांचा दिवस होता, पण केबिनचा उष्मा नव्हता. दोन्ही कायदे पुढे २०२० च्या संहितेत सामावले गेले. कायदा लिहिणाऱ्यांना दोष द्यायला आमची जीभ सरसावते, पण त्यांना ते सुचावे म्हणून आम्ही तरी काय केले? कामगार घामाला कामाचाच भाग समजत होता आणि आम्हीही.

इतरांनी ते मागितले. अमेरिकेत यूपीएस या पार्सल कंपनीच्या तपकिरी गाड्यांत थंड हवा नसे, आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत शिरून गठ्ठे काढणाऱ्या कामगाराची उन्हाळ्यात भट्टी होई. २०२३ साली तेथील टीमस्टर्स युनियनने सुमारे ३ लाख ४० हजार सभासदांच्या जोरावर संपाची तयारी केली, आणि १ जानेवारी २०२४ नंतर खरेदी होणाऱ्या मोठ्या गाड्यांत थंड हवा, जुन्या गाड्यांत पंखे आणि मागच्या खोलीत वारा जायला वाट, हे करारात लिहून घेतले. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली : १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये ए.सी. असलाच पाहिजे. नागपूरचे नितीन गडकरी तेव्हा त्या खात्याचे मंत्री होते. आमचे त्यांचे अनेक बाबतीत जुळत नाही, पण हे काम त्यांच्या हातून झाले ते झाले म्हटले पाहिजे. साडेतीन टनांखालचा टेम्पोवाला मात्र तिच्यात बसत नाही, आणि त्या तारखेपूर्वीचे लाखो ट्रक तसेच धावत राहणार. शिवाय यंत्र बसणे वेगळे आणि ते चालविणे वेगळे. हैदराबादच्या टॅक्सीचालकांच्या संघटनेने एप्रिल २०२४ मध्ये ए.सी. न लावण्याची मोहीम काढली, कारण मोबाइलवरून भाडे ठरविणाऱ्या कंपन्या जो दर देतात त्यात थंड हवेचे इंधन निघत नाही. प्रवाशाला वाटते चालक अडेलतट्टू आहे. मागे बसणाऱ्याचा गारवा पुढे बसणाऱ्याच्या खिशातून जातो, हे मागून दिसत नाही.

तिसऱ्या रविवारी आम्ही मुलाला म्हणालो, आता काचेच्या भिंतीला एक भोक पाड. काच नव्हे, तिच्या वरची पत्र्याची पट्टी. तीन इंचांचे भोक. छतातल्या हवेच्या वाटेला एक फाटा काढला, लवचीक नळी त्या भोकातून पुढे घेतली, तिला उष्णतारोधक कागद गुंडाळला आणि टोकाला भंगारातल्या गाडीची, उघडमीट होणारी एक झडप बसविली. खर्च सहाशे रुपयांच्या आत. गाडी सुरू करून थर्मामीटर धरला : बाहेर ४१ अंश, झडपेशी ११. चालक आसनावर बसले, काच वर केली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आवाज केवढा कमी झाला!" खिडकी बंद करून ती गाडी त्यांनी कधी चालविलीच नव्हती.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. शेवटच्या बाकावरच्या पाहुण्यांनी हवा कमी येते अशी तक्रार केली होती. त्यांनी झडप अर्धी मिटून घेतली होती. आम्ही म्हणालो, ब्लोअर एक नंबर मोठा घालू, या रविवारी गाडी घेऊन या.